खच्ची घोडा वळूसारखा वागूं लागला तर



सोलापूर जिल्ह्यांतील माणसाला घोडा जवळून पाहण्याचे दोन प्रसंग वर्षाकाठीं हमखास येतात. पहिला आषाढांतला. ज्ञानेश्वरमाउलींची पालखी माळशिरस तालुक्यांत आली म्हणजे सदाशिवनगर, खुडूस आणि पुढें वाखरीजवळ बाजीरावाची विहीर अशा ठिकाणीं गोल रिंगण होतें आणि हजारों वारकऱ्यांच्या मधून दोन अश्व दौडत जातात. एकावर स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाहीं, तो माउलींचा. टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो, टापांखालची माती कपाळीं लावण्यासाठीं झुंबड उडते, आणि त्यांतून ते अश्व बिनबोभाट निघून जातात. दुसरा प्रसंग दिवाळीच्या सुमाराचा. अकलूजला घोडेबाजार भरतो, आणि पाहायला म्हणून गेलेला माणूसहि कधीं कधीं दोर हातांत घेऊनच परततो. आजचें भाषण अशा रीतीनें घरीं आलेल्या घोड्याविषयीं, आणि त्यांतहि विशेषतः खच्ची म्हणून विकत घेतलेल्या घोड्याविषयीं आहे.

अशी कल्पना करा कीं, मोहोळकडच्या एका बागाईतदारानें सहा-सात वर्षांचा एक खच्ची घोडा घेतला. घोडा खच्ची आहे, तेव्हां बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं दोर द्यायला हरकत नाहीं. चुलतभावाची घोडी भिंतीपलीकडेच बांधलेली असते, तिचीहि चिंता नाहीं, असा त्याचा हिशेब. पहिले पंधरा दिवस घोडा गाईसारखा राहिला. मग तो पहाटे मोठ्यानें खिंकाळूं लागला. मान कमानीसारखी वळवावी, शेपूट उंच करावें आणि दोराच्या टोकाशीं नाचावें. लीद दिसली कीं हुंगावी, वरचा ओठ दुमडून तोंड आभाळाकडे करावें, आणि त्याच जागीं आपली लीद टाकावी, असा त्याचा क्रम सुरू झाला. पुढें भिंतीपलीकडची घोडी माजावर आली, त्या दिवशीं त्यानें खुंटा उपटला आणि तिच्या पाठीवर चढूं पाहिलें. मुलानें दोर ओढला, तेव्हां त्यानें पुढचे पाय उगारले व मुलाच्या दंडाला दांत लावले.

अशा वेळीं गांवांत तीन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, तुम्हांला फसविलें, हा मुळीं खच्ची नाहींच. दुसरा म्हणतो, खच्ची करतांना शीर राहिली आहे, पुन्हां कापून घ्या. तिसरा चाबूक काढतो. यांपैकीं पहिला कधीं कधीं खरा ठरतो, दुसरा बहुधा खोटा असतो, आणि तिसऱ्यानें दुखणें वाढतें. परंतु कोणता सल्ला कोठें लागू पडतो हें समजण्यासाठीं, घोडा खच्ची करणें म्हणजे काय, हें प्रथम नीट पाहिलें पाहिजे.

आपल्या भाषेंत या बाबतींत शब्दांची वाण नाहीं. खच्ची न केलेला तो अंडिल. पैदाशीसाठीं राखलेला तो वळू. आणि खच्ची केलेल्याला जुन्या लिखाणांत फारशीवरून आलेला अख्ता हा शब्द आढळतो. प्रथाहि फार प्राचीन आहे. स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेवलें आहे कीं, शक व सर्मेशियन लोक आपले घोडे खच्ची करीत, कारण ते घोडे अंगानें लहान पण चपळ आणि आवरावयास अवघड होते. भीमेच्या कांठच्या आपल्या भीमथडी तट्टांचें वर्णन करावयाचें झालें, तरी तें याहून फारसें वेगळें होणार नाहीं. झेनोफन या दुसऱ्या ग्रीक ग्रंथकारानेंहि म्हटलें आहे कीं, द्वाड घोडा खच्ची केला म्हणजे चावणें व उधळणें सोडतो, पण लढाईच्या उपयोगाला उणा पडत नाहीं. दोघांचेंहि म्हणणें बऱ्याच अंशीं खरें आहे. तें सर्वांशीं खरें असतें तर या भाषणाचें कारण पडलें नसतें.

आपल्याकडील शेतकऱ्याला खच्चीकरण ठाऊक असतें तें बैलाचें. बैलाला चिमटा लावतात. त्यांत कातडी न कापतां आंतील रज्जू चेंगरला जातो. वृषण जागेवरच सुकतात आणि पुढेंहि हाताला लहान गांठीसारखे लागतात. बैल खच्ची झाला कीं नाहीं, हें चांचपून कळतें. घोड्याची गोष्ट निराळी आहे. घोड्याचे वृषण शस्त्रक्रिया करून काढून टाकतात, आणि जखम भरल्यावर पिशवी रिकामी राहते. म्हणून घोड्याच्या मागच्या पायांमध्यें हात घालून पाहिलें आणि कांहीं लागलें नाहीं, तर त्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, पिशवींत आज कांहीं नाहीं. तेथें जें होतें तें काढलें, कीं तेथें कधीं उतरलेंच नव्हतें, हें हाताला कळत नाहीं. बैलावरून घोड्याची परीक्षा करणारा येथेंच फसतो.

शिंगराचे वृषण प्रथम त्याच्या उदरांत असतात व साधारणतः जन्माच्या आगेंमागें खालीं पिशवींत उतरतात. कांहीं शिंगरांत एक, क्वचित् दोन्ही, उदरांत किंवा जांघेच्या नळींत अडकून राहतात. अशा घोड्याचा उतरलेला एकच वृषण काढला, तर घोडा बाहेरून निखालस खच्ची दिसतो; पण आंत राहिलेला दुसरा आपलें काम करीतच असतो. शरीराच्या आंतील उष्णतेमुळें त्या वृषणांत बीज तयार होत नाहीं, मात्र टेस्टोस्टेरोन नांवाचें नरत्वाचें संप्रेरक तयार होतें आणि रक्तांत मिसळतें. अशा घोड्यापासून घोडी गाभण राहण्याचा संभव बहुधा नसतो. पण खिंकाळणें, चावणें, चढणें हें सर्व वळूचें असतें. मूळ धन्याला ही गोष्ट कित्येकदां ठाऊकहि नसते. घोडा लहानपणींच कोणीतरी कापलेला, त्यानंतर तीन-चार दावणी बदललेल्या, आणि कागद कोणाकडेच नाहीं! कोठें कोठें लबाडीहि असते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

ही शंका निश्चितपणें फेडतां येते, आणि तीहि रक्ताच्या थोड्या थेंबांवर. पशुवैद्य घोड्याच्या मानेच्या शिरेंतून रक्त घेतात व त्यांतील टेस्टोस्टेरोनचें प्रमाण पाहतात. खऱ्या खच्ची घोड्यांत तें अत्यल्प असतें, वळूंत त्याच्या कित्येक पट. परंतु आंत वृषण राहिलेल्या कांहीं घोड्यांत हें प्रमाण एखाद्या दिवशीं कमी निघतें. म्हणून एक रक्त घेऊन झालें कीं, एच.सी.जी. नांवाच्या संप्रेरकाची सुई देतात आणि तास-दोन तासांनीं पुन्हां रक्त घेतात. आंत वृषण असेल तर तो या सुईला जबाब देतो व टेस्टोस्टेरोन चढतें. नसेल तर दोन्ही आंकडे सारखेच राहतात. अलीकडे अँटी-म्युलेरियन हॉर्मोन नांवाच्या दुसऱ्या एका द्रव्याचीहि तपासणी निघाली आहे. तें द्रव्य नरांत वृषणाशिवाय दुसरीकडे तयार होत नसल्यामुळें एका रक्तावरच उत्तर मिळतें. यासाठीं प्रथम तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जावें. नमुना कोठें पाठवावयाचा हें तेथें विचारतां येईल. शिवाय शिरवळ व उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयें सोलापूरकरांना फार दूर नाहींत. उत्तर आंत वृषण आहे असें आलें, तर उपाय शस्त्रक्रियेचाच. ती मात्र बाजारांतल्या कापणाऱ्याचें काम नव्हे. पोटाच्या आंत शोध करावयाचा असतो, आणि त्यासाठीं पूर्ण भूल किंवा दुर्बिणीची सोय लागते. धनुर्वाताची लस आधीं टोंचलेली असलीच पाहिजे, कारण धनुर्वात घोड्याला जितक्या सहज जडतो तितका फारच थोड्या जनावरांना जडतो.

आतां राहिलेल्या शिरेची गोष्ट. ही समजूत केवळ आपल्याकडचीच नाहीं, इंग्रजी बोलणाऱ्या मुलखांतील घोडेवालेहि पिढ्यान् पिढ्या असेंच सांगत आले. वृषणाला लागून बीज सांठविणारी एक नागमोडी नळी असते. ती किंवा तिच्यावरच्या रज्जूचा तुकडा मागें राहिला म्हणजे घोडा वळूसारखा वागतो, असें हें मत. पण ती नळी किंवा तो रज्जू टेस्टोस्टेरोन तयार करीत नाहीं. कोठार मागें राहिलें म्हणून त्यांत धान्य उगवत नाहीं, तसेंच हें. तेव्हां रक्ताची तपासणी स्वच्छ आलेल्या घोड्यावर पुन्हां सुरी चालविणें, म्हणजे त्याला विनाकारण जखम, सूज आणि कदाचित् मृत्यु यांच्या तोंडीं देणें होय. या सल्ल्याचा मला इतर दोन्ही सल्ल्यांहून अधिक राग येतो, कारण तो मोठ्या जाणतेपणाच्या सुरांत दिला जातो.

मग रक्त स्वच्छ आणि वागणूक मात्र वळूची, हें कसें? येथें सोलापूरच्या श्रोत्यांना मागाचा दृष्टांत चटकन् पटेल. नर शिंगरू आईच्या पोटांत असतांनाच त्याच्या मेंदूवर नरत्वाचा ताणा लागलेला असतो. पुढें वयांत येतांना वृषण त्यांत बाणा भरतात. खच्चीकरणानें धोटा थांबतो, पण लावलेला ताणा कांहीं उसवत नाहीं. संप्रेरक एक-दोन दिवसांत रक्तांतून उतरतें, संवयी उतरावयाला आठवडे, कधीं महिने लागतात, आणि कांहीं घोड्यांत त्या पुरत्या कधींच जात नाहींत. कॅलिफोर्नियांतील पशुवैद्यांनीं १९८५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, वयांत येण्यापूर्वींच खच्ची केलेल्या घोड्यांपैकींहि शेंकडा वीस ते तीस घोडे घोडींशीं वळूसारखे वागत किंवा इतर घोड्यांवर धावून जात. मोठेपणीं खच्ची केलेल्यांत ही खोड टिकण्याचें प्रमाण त्याहून ठळकपणें जास्त निघालें नाहीं. म्हणजे ‘उशिरां कापला म्हणून असा झाला’ हा नेहमींचा निर्वाळाहि फारसा टिकत नाहीं. माणसांवर धावून जाणारे मात्र त्या लहानपणीं खच्ची केलेल्यांत फारच थोडे, शेंकडा पांचाच्या आसपास होते. हा शेवटचा आंकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. घोडीपुढें नाचणें हा घोड्याचा स्वभाव असूं शकतो. माणसाला चावणें ही बहुतेक वेळां भीति, वेदना किंवा चुकीची शिकवण असते.

शिवाय ऋतूचा भाग आहे. घोडी दिवस मोठे होऊं लागले म्हणजे विशेष माजावर येते. साधारण एकवीस दिवसांच्या फेऱ्यांत पांच-सात दिवस तिचा माज राहतो. आपल्या अक्षांशावर कित्येक घोडी थंडींतहि माजावर येतात, तरी जोर असतो तो फाल्गुनापासून पुढें. अकलूजचा बाजार पडतो दिवाळीला. बाजारांत उभा असलेला घोडा प्रवासानें थकलेला, बेताची चंदी खाल्लेला आणि अनोळखी गर्दींत दबलेला असतो. एखादा औषध देऊनहि शांत केलेला असतो. तोच घोडा चार आठवडे सावलींत उभा राहून हरभऱ्याची चंदी खातो, आणि मग शेजारची घोडी माजावर येते. बाजारांत दिसला तो त्याचा स्वभाव नव्हता, आणि आज दिसतो तोहि पूर्ण स्वभाव नव्हे.

म्हणून रक्ताचा निकाल येईपर्यंत आणि आल्यानंतरहि करावयाचें काम जवळजवळ एकच आहे. प्रथम, नवा घोडा दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून दूर बांधावा. हें केवळ वागणुकीसाठीं नव्हे. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाहि होतो व प्राणघातक ठरतो, आणि त्याचीहि तपासणी रक्तावरच होते. एकाच खेपेला दोन्ही नमुने घ्यावे. दूर बांधावा म्हणजे एकटा कोंडावा असें मात्र नाहीं. घोडा कळपांतला प्राणी आहे. एकटेपणानें तो अधिक बिथरतो. गोठ्यांतले बैल त्याच्या नजरेसमोर असले तरी त्याला पुष्कळ धीर येतो. पुढें जोडीदार द्यावयाचा तर दुसरा शांत खच्ची घोडा द्यावा. एक घोडा आणि दोन घोडी अशी रचना करूं नये, कारण मग तो त्यांना आपला कळप समजून वळूं लागतो आणि मध्यें येणाऱ्या माणसाला प्रतिस्पर्धी मानतो. भिंतीपलीकडच्या घोडीची जागा बदलणें हा आपल्या बागाईतदाराच्या घरीं सर्वांत स्वस्त उपाय आहे. चुलतभावाशीं बोलणें मात्र त्यालाच केलें पाहिजे.

दुसरी गोष्ट चंदीची. काम नसलेल्या घोड्याला हरभरा, मका चारणें म्हणजे बसल्या माणसाला पहिलवानाचा खुराक देणें. साधारण तीनशें किलो वजनाच्या तट्टाला दिवसाला सहा किलोंच्या आसपास सुका चारा पुरतो. त्याचा मुख्य भाग कडबा व गवत असावा, दिवसभर थोडा थोडा मिळावा. मीठ व पाणी मुबलक. दाणा कामाच्या मानानें द्यावा. आणि काम तर हवेंच. अगाडी-पिछाडी बांधून चोवीस तास उभा ठेवलेला घोडा रात्रीं खुंटा उपटतो, यांत नवल कसलें? रोज तासभर चालविणें, दुडकीनें फिरविणें, खरारा करणें, एवढ्यानें निम्मे घोडे वाटेवर येतात, असें मी म्हणेन.

तिसरी गोष्ट, दुखणें पाहणें. दांतांच्या कडा धारदार झाल्या असतील, लगाम टोंचत असेल, खोगिराखालीं पाठ सोलली असेल, शिश्नाच्या कोषांत मळ सांठून सूज आली असेल, तर घोडा चिडका होतो आणि लोक त्याला मस्ती म्हणतात. त्याच पशुवैद्याकडून हें सर्व एकदां पाहून घ्यावें.

आतां चाबूक. घोडी पाहून उसळलेल्या घोड्याला मारलें, तर घोडी दिसणें आणि मार बसणें या दोन गोष्टींची त्याच्या मनांत गांठ पडते, आणि पुढच्या वेळीं तो आधींच पेटून उभा राहतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें जनावराला मारहाण करणें गुन्हा ठरविलें आहे, हें तर आहेच. परंतु मारूं नये याचा अर्थ मुभा द्यावी असा नाहीं. चावण्यासाठीं वळलेलें तोंड ताबडतोब, त्याच क्षणीं अडवलें पाहिजे. कोपर मध्यें आणावा, दमदार आवाज द्यावा, आणि लगेच घोड्याला चार पावलें मागें सारावें. दहा श्वासांनंतर केलेली शिक्षा त्याला कळत नाहीं. तोंडाशीं हातानें गूळ चारण्याची हौस अशा घोड्यापुरती सोडावी; दांत लावावयाचा पहिला पाठ तो येथेंच गिरवतो.

दोर धरण्याची रीत या सर्वांचा कणा आहे. दोर आठ-दहा हात लांब असावा आणि हाताला कधींहि गुंडाळूं नये. उधळलेला घोडा दोर गुंडाळलेल्या माणसाला फरफटत नेतो. धरणाऱ्यानें तोंडासमोर उभें न राहतां खांद्याशीं उभें राहावें. प्रथम घरच्याच अंगणांत, घोडी दृष्टीआड असतांना, चार गोष्टी शिकवाव्या: थांबणें, एक पाऊल मागें जाणें, मान खालीं करणें, आणि मागचा भाग बाजूला सारणें. प्रत्येक वेळीं दोर हलका ताणावा, आणि घोड्यानें ऐकलें त्याच क्षणीं सैल सोडावा. दोराचें तें सैल पडणें हेंच त्याचें बक्षीस. पंधरा मिनिटें, दिवसांतून दोनदां, पुरे. हें पक्कें झालें म्हणजे घोडी शंभर पावलांवर उभी करून तेंच करावें, मग ऐंशींवर, मग साठांवर. घोडा ज्या अंतरावर ऐकेनासा होईल, त्याच्या वीस पावलें अलीकडे दुसऱ्या दिवशीं पुन्हां आरंभ करावा. यांत महिना जातो, दोन जातात. ज्याला एवढा वेळ नाहीं त्यानें घोडा जाणत्याला विकावा, पण खोड सांगून विकावा.

विक्रीचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतों. घोडा घेतांना पावतीवर केवळ ‘खच्ची’ असें न लिहितां ‘दोन्ही वृषण शस्त्रक्रियेनें काढलेला’ असें लिहून घ्यावें, कोणत्या पशुवैद्यानें केव्हां काढले तेंहि विचारावें. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणें जनावर हाहि मालच आहे, आणि लेखी हमीला तेथें किंमत आहे; बाजारांतल्या तोंडी शपथेच्या बळावर भांडणें फार कठीण जातें. खच्चीकरण नुकतेंच झालें असें कळलें, तर निदान महिनाभर तो घोडीजवळ जाऊं देऊं नये. मागें राहिलेल्या बीजानें या काळांत घोडी गाभण राहूं शकते.

वरात, उरूस, मिरवणूक यांसाठीं ज्यांना घोडा लागतो, त्यांची घाई मला ठाऊक आहे. लग्नसराई आणि घोडींच्या माजाचे दिवस जवळजवळ एकाच वेळीं येतात, आणि वरातींत पुढें दुसऱ्या कोणाची घोडी चालत असेल कीं नाहीं, हें आधीं कळत नाहीं. नवा घोडा घरीं एक उन्हाळा पार पाडल्याशिवाय ताशा-वाजंत्र्यांत नेऊं नये. नेण्यापूर्वीं शेतांत दोन पोरांना ताशा वाजवावयास लावून दूरून ऐकवावा. गर्दींत उधळलेल्या घोड्यापुढें पळावयाला लोकांना जागा नसते.

राहतां राहिला बागाईतदाराचा मुलगा. दंडावरचा वण बुजला कीं तो पुन्हां दोर मागणारच. घोडी माजावर असतांना साठ पावलांवरून जातांना ज्या दिवशीं घोडा सैल दोरावर मागें सरेल आणि मान खालीं करील, त्या दिवसानंतर वडिलांनीं खांद्याशीं चालावें, मुलानें पलीकडच्या बाजूनें. दोर दोघांच्या हातीं. पुढच्या चैत्रापर्यंत असेंच चालू द्यावें.